मागणाऱ्याचा वेष, देणाऱ्याचा हात

लकडगंज ही नागपूरच्या इतवारीला पूर्वेकडून लागून असलेली लाकडाची बाजारपेठ. सागवानाचे ओंडके, आरामशिनी, प्लायवूडची दुकाने आणि कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या ही तिची ओळख. या भागात वर्षातून दोनदा लहान मुलांना भेट देण्याचा सोहळा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले सजवलेला लाकडी बैल ओढत, बरेचदा स्वतःही सोंग घेऊन, दारोदार जातात आणि घरची माणसे बैलाला ओवाळून त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे भेट, ठेवतात. डिसेंबरात शाळांच्या समारंभात आणि दुकानांच्या दारात लाल झगा, पांढरी झालर आणि कापसाची दाढी लावलेला माणूस उभा राहतो आणि मुलांना चॉकलेटे वाटतो. पहिल्या सोहळ्यात नटतो तो घेणारा, दुसऱ्यात नटतो तो देणारा. वरवर पाहता हा देशी आणि विलायती रिवाजांतला फरक वाटतो. पण सांताक्लॉजच्या पोशाखाचा इतिहास उलगडला की हा फरक फार अलीकडचा ठरतो. माझे म्हणणे असे की, भेट देण्याचे कर्तव्य आणि त्यातली गुप्तता सांताला धर्माकडून, एका बिशपच्या कथेकडून मिळाली. अंगावरचा वेष मात्र त्याला हिवाळ्यात दारोदार हिंडून मागणाऱ्या सोंगाड्यांकडून मिळाला. या दोन्हींची गाठ एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या छापखान्यांत मारली गेली.

या विषयावर बोलू लागले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा लाल पोशाख कोकाकोला कंपनीने बनवला, त्यात धर्म कुठून आला? कोकाकोलासाठी हॅडन सनब्लॉम या चित्रकाराने 1931 पासून काढलेली सांताची चित्रे जगभर गेली आणि त्यांनी एक चेहरा पक्का केला, एवढे खरे. पण पोशाख त्याआधीचा आहे. व्हाइट रॉक या खनिज पाण्याच्या कंपनीने 1915 मध्येच सांताला जाहिरातीत आणले होते. ‘पक’ या अमेरिकन व्यंग्यसाप्ताहिकाच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुखपृष्ठांवर लाल झगा आणि पांढरी लोकर घातलेला म्हातारा दिसतो. त्याच्याही आधीच्या छापील नाताळपत्रांत तो कधी लाल, कधी तपकिरी, कधी हिरवा आहे. म्हणजे बाजाराने अनेक रंगांपैकी एक रंग निवडला आणि बाकीचे मागे सारले. निवडणे आणि निर्माण करणे यांत अंतर आहे. निवडीसाठी समोर जे पडलेले होते ते कुठून आले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्यासाठी आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मायरा या गावी जावे लागते. चौथ्या शतकात तिथे निकोलस नावाचा बिशप होता. त्याच्याविषयी समकालीन पुरावा जवळजवळ नाही. त्याचे सविस्तर चरित्र लिहिले गेले ते नवव्या शतकात. त्यातली सर्वांत गाजलेली कथा एका दरिद्री बापाची आणि त्याच्या तीन उपवर मुलींची आहे. हुंड्याला पैसा नाही म्हणून मुली बाजारात बसवण्याची वेळ आली, तेव्हा निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. एकदा टाकली, दुसऱ्यांदा टाकली. तिसऱ्यांदा बाप टपून बसला आणि त्याने त्याला गाठले. तेव्हा निकोलसने त्याला बजावले की हे कुणाला सांगायचे नाही. चित्रकारांनी पुढे या तीन पुरचुंड्यांचे तीन सोनेरी गोळे केले आणि तीच निकोलसची खूण ठरली. 1087 मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायराहून उचलून आणल्या, तसा पश्चिम युरोपात त्याचा पंथ पसरला. 6 डिसेंबर हा त्याचा सण. रात्रीची वेळ, घरात नकळत टाकलेली भेट आणि नावाची गुप्तता, सांताची ही सारी कामे या कथेत आहेत. पोशाख मात्र तिच्यात नाही.

बिशपचा पोशाख घ्यायचा तरी कोणता? पूर्वेकडच्या चर्चच्या चित्रांत निकोलस उघड्या डोक्याचा आहे, खांद्यावर क्रूस विणलेला रुंद पट्टा आणि हातात शुभवर्तमान. पश्चिमेकडच्या चित्रांत त्याच्या डोक्यावर उंच दुटोकी मुकुट आहे, हातात वाकड्या टोकाचा दंड आणि अंगावर पायघोळ झूल. हा मुकुट पश्चिमी बिशपांच्या डोक्यावर आला तोच अकराव्या शतकाच्या सुमारास. निकोलसला जाऊन तोवर सातशे वर्षे झाली होती. लाल रंगाचेही तसेच. चर्चच्या पूजाविधीत लाल वस्त्र रक्तसाक्षी झालेल्या संतांच्या सणाला घालतात. निकोलस रक्तसाक्षी नव्हता, त्याच्या सणाचा रंग पांढरा. त्यामुळे ‘सांताचा लाल झगा म्हणजे बिशपचे वस्त्र’ हे सरळ समीकरण मांडणाऱ्यांना तपशील साथ देत नाही. नेदरलँड्समधल्या सिंटरक्लासच्या अंगावर आज लाल झूल आणि लाल मुकुट आहे, पण त्या रूपाला घट्ट केले ते यान शेंकमान या शाळामास्तराच्या 1850 च्या चित्रमय पुस्तकाने. संताचा पोशाखही पिढ्यान्‌पिढ्या चित्रकारांनी आणि सोंग काढणाऱ्यांनी शिवलेला आहे.

सोंग काढणारे इथे महत्त्वाचे. मध्ययुगीन युरोपात अनेक कॅथेड्रलांत डिसेंबरात एका मुलाला ‘बालबिशप’ नेमत. त्याची निवड बहुधा निकोलसच्या सणाला होई आणि 28 डिसेंबरपर्यंत त्याचा अंमल चाले. त्याला खऱ्या बिशपचा मुकुट, झूल आणि दंड दिला जाई. तो प्रार्थना चालवी, प्रवचनही देई, आणि मग आपल्या सोबत्यांसह गावोगाव, घरोघर गात हिंडून पैसे आणि खाऊ गोळा करी. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1541 मध्ये ही प्रथा बंद केली. निकोलसच्या दिवसांत निकोलसचाच वेष घालून हिंडणारा हा मुलगा काही वाटत नव्हता, तो मागत होता. धार्मिक वेषसुद्धा रस्त्यावर आला की मागणाऱ्याच्या अंगावर जातो, याचा हा उघड दाखला.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेने संतांची पूजाच नाकारली. जर्मन प्रोटेस्टंट घरांत भेट देण्याचे काम निकोलसकडून काढून बालख्रिस्ताकडे दिले गेले आणि 6 डिसेंबरचा दिवस 24 डिसेंबरवर ढकलला गेला. सतराव्या शतकात अनेक डच शहरांनी निकोलसच्या सणाच्या बाजाराला आणि त्याच्या आकाराच्या मिठाईला बंदी घालून पाहिली. संत हटला, पण त्याच्याबरोबर हिंडणारी भुतावळ हटली नाही. आल्प्सच्या खोऱ्यांत शिंगे आणि केसाळ कातडे घालणारा क्राम्पुस होता, उत्तर जर्मनीत क्नेख्त रूप्रेख्त होता, ऱ्हाइनच्या काठी पॅलॅटिनेट प्रांतात पेल्झनिकेल होता. हा पेल्झनिकेल कातड्याचा किंवा उलटा केलेला कोट घाली, तोंडाला काजळी फाशी, हातात छडी किंवा चाबूक धरी, आणि मुलांपुढे अक्रोड-बदाम फेकून ते उचलायला वाकलेल्यांना फटके देई. मोठ्या मंडळींकडून त्याला दारू आणि जेवण मिळे. तेथून अमेरिकेत गेलेल्या जर्मन शेतकऱ्यांनी ही चाल पेनसिल्व्हेनियात नेली. केसाळ कोट, पाठीवरची पिशवी, काजळी, दारावरची थाप आणि मुलांच्या वर्तणुकीचा झाडा, सांताच्या रूपातला हा सगळा ऐवज या सोंगाड्याचा आहे.

याच टप्प्यावर काही लेखक आणखी मागे उडी घेतात आणि सांताला थेट नॉर्स देव ओडिनपर्यंत नेतात: दाढी, आभाळातून जाणारा आठ पायांचा घोडा, हिवाळ्याच्या मध्यावरचा सण. दुसरे काही जण त्याला सायबेरियातल्या लाल-पांढऱ्या भूछत्र्यांच्या शामानांशी जोडतात. कल्पना मोहक आहेत, पण दुवे तुटलेले आहेत. ओडिनविषयीचा आपला मुख्य लेखी आधार तेराव्या शतकातल्या आइसलँडचा, तोही ख्रिस्ती लेखकांच्या हातचा, आणि तिथून पॅलॅटिनेटच्या खेड्यापर्यंत पुराव्याचा पूल कुणी दाखवलेला नाही. रेनडियरची गाडी तर 1821 साली न्यूयॉर्कात छापलेल्या एका छोट्या चित्रपुस्तिकेत प्रथम दिसते. तिच्यासाठी सायबेरियाला जाण्याची गरज नाही. लोकपरंपरेतून आलेली गोष्ट आदिम असलीच पाहिजे, असा आपला एक समज असतो. प्रत्यक्षात लोकपरंपरा दोनशे वर्षांचीही असू शकते आणि तेवढ्याने ती खोटी ठरत नाही.

आता न्यूयॉर्क. तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीचे संस्थापक जॉन पिंटार्ड यांनी शहराच्या डच पूर्वेतिहासाचा अभिमान म्हणून 6 डिसेंबर 1810 रोजी निकोलसचे एक चित्र छापून वाटले. अलेक्झांडर अँडरसनच्या त्या चित्रात निकोलस बिशपच्याच वस्त्रांत उभा आहे. त्यानंतर तेरा वर्षांनी, 23 डिसेंबर 1823 रोजी, ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात निकोलसच्या भेटीवरची निनावी कविता आली. ती पुढे क्लेमेंट मूर यांच्या नावावर जमा झाली. तिच्यातला निकोलस डोक्यापासून पायांपर्यंत केसाळ कातड्यात आहे, काजळीने आणि राखेने माखलेला आहे, पाठीवर फेरीवाल्यासारखे गाठोडे आहे, आणि त्याच्या कपड्यांचा लाल रंग कुठेही सांगितलेला नाही. बिशपची झूल तेरा वर्षांत गेली आणि सोंगाड्याचे कातडे आले. प्रोटेस्टंट न्यूयॉर्कला मुकुट आणि दंड नको होते हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक वजनदार वाटते. त्या काळात नाताळ ते नववर्ष हे दिवस रस्त्यावरच्या गोंगाटाचे होते. तोंडे रंगवलेल्या, ढोल-थाळ्या बडवणाऱ्या टोळ्या श्रीमंतांच्या दारी येऊन खाणेपिणे मागत आणि न दिल्यास दंगा करीत. कवितेने काय केले? दारातून येणारा काजळीचा माणूस धुराड्यातून आणला, त्याच्या हातातली छडी काढून घेतली आणि त्याला मागायला नव्हे तर द्यायला लावले. भय वजा झाले, वेष तोच राहिला, आणि देण्याची दिशा उलटी फिरली. घरमालकाने आता दारावरच्या गरिबाऐवजी स्वतःच्याच मुलांना द्यायचे होते.

या जुळणीचा पुढचा कारागीर थॉमस नास्ट. त्याने ‘हार्पर्स वीकली’च्या 3 जानेवारी 1863 च्या अंकात यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या छावणीत भेटी वाटणारा सांता काढला, तोही राष्ट्रध्वजाच्या तारे-पट्ट्यांच्या कपड्यांत. तिथून 1881 च्या प्रसिद्ध गुबगुबीत सांतापर्यंत त्याने पोट, कमरपट्टा आणि दाढी कायम केली. नास्ट 1840 मध्ये लांडाऊ इथे जन्मला, म्हणजे पेल्झनिकेलच्याच पॅलॅटिनेटात, आणि सहा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. त्याने लहानपणी पाहिलेले सोंग कागदावर उतरले, असा निष्कर्ष एवढ्यावर काढणे उतावीळपणाचे होईल. पण केसाळ वेषाचा माणूस त्याच्या गावाकडच्या सणांत आधीच होता, आणि अंगभर लोकर असलेला त्याचा सांता त्या माणसाच्या जवळचा आहे, एवढे म्हणता येते. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचे दुकानदार जेम्स एडगर यांनी 1890 मध्ये असा पोशाख शिवून घेऊन दुकानात फिरायला सुरुवात केली आणि कागदावरचा वेष पुन्हा माणसाच्या अंगावर आला. त्याच दशकात साल्व्हेशन आर्मीने गरिबांच्या जेवणासाठी निधी जमवायला सांताच्या वेषातली माणसे अमेरिकन शहरांच्या चौकांत उभी केली. दाता म्हणून नुकताच प्रतिष्ठित झालेला वेष पुन्हा पात्र पुढे करून उभा राहिला.

हा पोशाख मध्य भारतात कुणी आणला? मिशनऱ्यांनी, असे उत्तर पटकन येते, आणि नागपूरच्या बाबतीत ते डळमळते. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, तेव्हा तिसरे रघूजी भोसले गादीवर होते. हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेत नाताळ हा शास्त्राधार नसलेला सण मानला जाई. स्कॉटिश संसदेने 1640 मध्ये नाताळची सुटीच रद्द केली होती आणि तिथे नाताळ सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो 1958 मध्ये. शहराला शाळा, पुढे 1883 मध्ये हिस्लॉपांच्या नावाचे कॉलेज आणि भूगर्भशास्त्राला हिस्लोपाइट हे खनिज देणाऱ्या या परंपरेकडे सांता नव्हता. कॅथलिकांकडे निकोलस होता, पण तो संत म्हणून. फ्रान्सिस डी सेल्सच्या नावाने आनसीहून आलेल्या मिशनऱ्यांनी इथे काम उभे केले आणि 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. तिथे मुकुट आणि दंड खऱ्या बिशपच्याच हाती होते. राहिले कामठीची छावणी आणि सिव्हिल लाइन्समधले इंग्रज कुटुंबकबिले. त्यांच्या मायदेशी ‘फादर ख्रिसमस’ हा मेजवानीचा यजमान होता. डिकन्सच्या 1843 च्या नाताळकथेत जॉन लीचने रंगवलेला, हिरव्या झग्याला पांढरी लोकर लावलेला आनंदमूर्ती त्याच्याच कुळातला. 1870 नंतर त्यात अमेरिकन सांता मिसळला. ही मिसळण छावणीच्या मेजवान्या, नाताळपत्रे, इंग्रजी शाळा आणि नंतर सिनेमा यांतून उतरली असावी, हे अनुमान सर्वांत सोपे आहे. लकडगंजसारख्या व्यापारी वस्तीत तर तो चर्चच्या नव्हे, शाळेच्या आणि दुकानाच्या दारानेच आला.

चर्चच्या दाराने आलेला भेटवाहकांचा वेष कसा दिसतो, हे गोव्यात पाहता येते. बार्देशमधल्या रेइश मागुश इथे 1555 मध्ये चर्च उभे राहिले ते बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस नेणाऱ्या तीन राजांच्या नावाने. 6 जानेवारीला तिथे, तसेच चांदर आणि कांसावली भागात, मुले मुकुट आणि भरजरी झगे घालून तीन राजे होतात. कांसावलीकडे तर घोड्यावर बसून टेकडीवरच्या कपेलापर्यंत मिरवणूक जाते. बायबलात हे राजे नाहीत, ज्योतिषी आहेत. सहाव्या शतकातल्या राव्हेन्नाच्या भिंतीवर त्यांच्या डोक्यावर पुढे वळलेल्या लाल इराणी टोप्या आहेत, मुकुट पुढच्या शतकांतले. इथेही वेष बदलत आला, पण कोणती मुले राजे होणार, कोणत्या गावाची पाळी, हे गाव ठरवते. वेषाला धनी आहे. सांताच्या झग्याला असा धनी उरला नाही, म्हणून तो भाड्याने मिळू शकतो.

आता तान्ह्या पोळ्याकडे वळल्यास तुलना केवळ गंमत राहत नाही. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 च्या सुमारास मुलांसाठी लाकडी बैलांचा हा सण सुरू केला, असे नागपूरची परंपरा सांगते. त्यात नटून दारी येणारा घेतो आणि घरात उभा असलेला साध्या कपड्यांत देतो. महाराष्ट्रातले बाकीचे वेषही याच बाजूचे आहेत. मोरपिसांची उंच टोपी आणि पायघोळ अंगरखा घातलेला वासुदेव पहाटे दान घेतो आणि ते एकेका देवाच्या नावे पावते करतो. कोरडा अंगावर ओढणारा पोतराज भीती आणि आशीर्वाद एकाच पदराला बांधून दारी येतो. यावर आक्षेप येईल की, पोतराज आणि पेल्झनिकेल यांत कसलाही ऐतिहासिक संबंध नाही, मग शेजारी बसवण्यात अर्थ काय? संबंध नाहीच, आणि मी तो जोडत नाही. साम्य वंशाचे नसून कामाचे आहे. ज्या समाजात धान्य काही घरांत साठते आणि हात अनेकांचे रिकामे असतात, तिथे मागणाऱ्याला दारात उभे राहण्याचा हक्क वेषाने मिळतो. वेष चढला की तो अमक्याचा मुलगा राहत नाही, देवाचा किंवा ऋतूचा दूत होतो, आणि त्याला देणे ही भीक न राहता रीत होते. युरोपातल्या बालबिशपाने हेच केले, काजळीच्या सोंगाड्यानेही हेच केले. तान्ह्या पोळ्यातले लेकरू तेच करते.

मग सांताने दिशा उलटवली तेव्हा काय गमावले, काय मिळवले? गमावले हे की दारावरचा अनोळखी माणूस हिशोबातून गेला. देणे घरातल्या घरात, आपल्यांनाच, असे झाले, आणि दुकानांना ते फार सोयीचे पडले. मिळवले ते मात्र निकोलसच्या कथेतले आहे. मागणाऱ्याला जो वेष प्रतिष्ठा देत होता, तो देणाऱ्याच्या अंगावर गेल्यावर त्याचे नाव झाकू लागला. त्या बापाला निकोलसने जी अट घातली होती ती दाढी आणि झगा आपोआप पाळतात: चॉकलेट देणारा शाळेचा शिपाई आहे की संस्थेचा अध्यक्ष, हे मुलाला कळत नाही, कळायची गरजही नसते. म्हणून या पोशाखाची पारख रंगावरून किंवा त्याच्या विलायतीपणावरून करण्यात हशील नाही. बिशपची झूल, जर्मन शेतकऱ्याचे कातडे, न्यूयॉर्कची शाई आणि दुकानदाराचा शिंपी असे चार हात लागलेला वेष कुणा एका धर्माचा किंवा देशाचा म्हणून स्वीकारता किंवा नाकारता येत नाही. पारख करायची तर एकाच कसोटीवर: तो घातल्यावर देणारा झाकला जातो की नाही. मागे प्रायोजकाच्या नावाचा फलक आणि दात्याच्या छायाचित्राचे होर्डिंग लावून सांता उभा केला, तर लाल कापड शिल्लक राहते आणि सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या बिशपाच्या नावाने सांगितलेली गोष्ट संपते. फलक नसेल, तर भाड्याचा झगाही ती गोष्ट नीट सांगू शकतो.